दुसऱ्या चुकीच्या वेळी जरा थांबा

अमेरिकेतल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना एक कळकळीची विनंती आहे. वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाने पुन्हा काही आगळीक केली, तर त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवण्याआधी जरा थांबा.

२०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी शिक्षकांना एका मुलाच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली. मजकूर तोच, फक्त नाव वेगळे. काहींच्या कागदावर कृष्णवर्णीय वाटणारे, काहींच्या कागदावर गोऱ्या मुलाचे. पहिल्या चुकीला फारसा फरक पडला नाही. दुसरी वाचल्यावर मात्र कृष्णवर्णीय नावाच्या मुलाचा त्यांना जास्त त्रास वाटला, त्याला शिक्षाही जास्त कडक हवी होती. ‘हा असाच’ हा शिक्का दोन चुकांत बसला. आपणही गोऱ्या रंगाचे कौतुक ऐकतच लहानाचे मोठे झालो आहोत, तेव्हा आपण यातून सुटलो असे कृपा करून समजू नका.

याची झळ किती लहान वयात बसते पाहा. २०१३-१४ च्या सरकारी आकडेवारीनुसार सार्वजनिक शाळांच्या बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुले १९ टक्के होती, पण निलंबित झालेल्या मुलांत ती ४७ टक्के होती. चार वर्षांची पोरे ही!

म्हणून नोंद करताना मुलाचा स्वभाव लिहू नका, घडले तेवढेच लिहा. ‘उद्धट आहे’ असे न लिहिता ‘बाक वाजवत होता, दोनदा सांगूनही थांबला नाही’ असे लिहा. आपल्या ओळखीतल्या मुलाने हेच केले असते तर आपण कागद भरला असता का, हेही स्वतःला विचारा. मग मुलाला बाजूला घ्या आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐका. ओकोनोफुआंनीच पुढे कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांमध्ये गणिताच्या शिक्षकांना मुलांची बाजू समजून घेण्याचा छोटा अभ्यास करायला लावला, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांमधले निलंबन निम्म्यावर आले.

हुशार मुलांच्या खास वर्गासाठी नावे सुचवतानाही यादी पुन्हा वाचा. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत शिफारशींवर न थांबता दुसरीच्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा त्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलांची संख्या बरीच वाढली. मुले हुशार आधीही होतीच.

आणि वर्ष सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यातच, काही तक्रार नसताना, वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाच्या घरी फोन करा. त्याने वर्गात काय चांगले केले ते आईला सांगा. पुढे कधी तक्रारीचा फोन करावा लागलाच, तर निदान तुमचा आवाज तिच्या ओळखीचा असेल.