उपाय नको, दोष सांगा

लोगोचा एक पर्याय नक्की झाला की मोठे काम संपले आणि आता फक्त बारीकसारीक दुरुस्त्या उरल्या, असे क्लायंटही मानतो आणि स्टुडिओही. पण चांगल्या लोगोची वाट लागते ती नेमकी याच टप्प्यात. 'जरा ठसठशीत करा', 'अजून मॉडर्न हवं', 'ते पान थोडं डावीकडे कलवून बघा' अशा सूचना कधी ई-मेलने येतात, कधी व्हॉट्सॲपवर, कधी मार्केटिंगच्या साहेबांमार्फत तोंडी. डिझायनर एकेक सूचना निमूटपणे अमलात आणतो आणि चार-पाच फेऱ्यांनंतर जे हाती येते ते सूचना देणाऱ्यालाही आवडत नाही. सूचना फार झाल्या, अशी तक्रार मग आपण करतो. खरी अडचण संख्येची नाही. या सगळ्या सूचनांत उपाय आहे, दोष कुठेच नाही. शिंप्याला आपण 'काखेत ओढतंय' एवढेच सांगतो. शिवण किती उसवायची ते तो ठरवतो. लोगोच्या बाबतीत मात्र शिवणीचाच हुकूम सुटतो.

नावात 'ऊर्जा' हा शब्द असलेली एखादी कंपनी घ्या. क्लायंट म्हणतो, अक्षरे बोल्ड करा. रेघ जाड केली की 'ऊ'मधली मोकळी जागा बुजू लागते, रफार शिरोरेषेला चिकटतो आणि रबरी शिक्क्यावर त्याचा नुसता ठिपका उरतो. मूळ तक्रार मात्र एवढीच असते की दुकानावरचे नाव रस्त्यापलीकडून वाचता येत नाही. तसे सांगितले असते तर अक्षरांमधले अंतर वाढवता आले असते, रफार वर उचलता आला असता, पार्श्वभूमीचा रंग बदलता आला असता किंवा पाटीसाठी निराळी आवृत्ती काढता आली असती. सांगितलेल्या उपायाने तर वाचनीयता आणखीच घटली. महाराष्ट्रात हा प्रश्न आता टाळताही येत नाही. २०२२च्या कायदादुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून उंची मोजली, तर शेजारच्या रोमन कॅपिटलइतक्याच उंचीत देवनागरी अक्षराचा मुख्य भाग लहान दिसतो. अशा वेळी 'मराठी मोठं करा' एवढ्याने भागत नाही. ते कुठून आणि कशाच्या शेजारी लहान दिसते, हे कळावे लागते.

आवडनिवड हा दोष ओळखण्याचा भरवशाचा मार्ग नव्हे, याला नायकी या बूट कंपनीच्या लोगोची साक्ष आहे. १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये केलेले ते चिन्ह कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांना फारसे भावले नव्हते. पुढेमागे आवडेल, एवढीच त्यांची आशा होती. तरीही ते स्वीकारले गेले, कारण गरज स्पष्ट होती: बुटाच्या कडेवर बसेल आणि गती सुचवेल असे काहीतरी हवे होते. याउलट २०१०च्या ऑक्टोबरात गॅप कंपनीने आपला जुना निळा चौकोन बदलला आणि लोकांनी टीकेची झोड उठवताच त्यांच्याकडूनच नवी डिझाइने मागवण्याची भाषा केली. लोकांचे नेमके काय बिघडले, हे समजून घेण्याआधीच उपाय गोळा करायला निघालेल्या कंपनीला आठवडाभरात जुन्या लोगोकडे परतावे लागले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पैसे क्लायंट मोजतो, मग त्याने हवे ते का सांगू नये? जरूर सांगावे. काम पसंत की नापसंत, हा निर्णय त्याचाच आहे. पण आपण सुचवलेल्या उपायाची जबाबदारी तो घेत नाही. लोगो फसला की बोल डिझायनरला लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही, अशी क्लायंटची अवस्था खरीच असते आणि कित्येकदा त्याची नजर बरोबरही असते. म्हणून खटकणे उडवून लावू नये. ते कुठे पाहताना खटकले, कोणत्या स्पर्धकाची आठवण झाली, पहिली नजर कुठे गेली, हे विचारत गेले की अस्पष्ट नापसंतीतून दोष हाती लागतो. तिसरा आक्षेप आपल्यावरच येतो: 'दोष सांगा' म्हणत डिझायनर स्वतःचा हट्ट पुढे रेटेल. तशी भीती आहेच. त्यावर उतारा एकच, की मान्य केलेला दोष पुढच्या फेरीत गेला की नाही, हे त्याच आकारात, त्याच अंतरावरून क्लायंटसमोर दाखवावे. नसेल गेला, तर डिझाइन कितीही लाडके असो, सोडून द्यावे.

क्लायंट हे आपणहून शिकून येणार नाही. त्याला तसे विचारावे लागेल. पांढऱ्या पडद्याच्या मधोमध भलामोठा लोगो दाखवून 'कसा वाटतो?' म्हटले, तर उत्तर आवडीनिवडीचेच येणार. त्याऐवजी पाटी, लेटरहेड, शिक्का आणि मोबाइलचा पडदा समोर ठेवा. प्रतिक्रिया एकाच अधिकृत व्यक्तीकडून, लेखी आणि तीन रकान्यांत घ्या: कुठे पाहिले, काय दिसले, त्यामुळे काय अडते. उपायाचा चौथा रकाना डिझायनरने भरावा. तो भरता येत नसेल, तर क्लायंटने आपली पेन्सिल त्यात चालवली म्हणून कुरकुर करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.