अनुदान म्हणजे उपकार नव्हे !



वस्तीतील गटार कोणाच्या पैशाने बांधावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्यांच्या कित्येक पिढ्या गावकुसाबाहेर, दुसऱ्यांच्या सांडपाण्याच्या कडेला गेल्या, त्यांना तो क्षुल्लक वाटता कामा नये. राज्यकर्त्यांची समतेची भाषणे सर्वांनी ऐकली आहेत. त्या भाषणांचा खरेखोटेपणा पारखावयाचा असेल तर त्यांचे अंदाजपत्रक उघडून पाहावे. पैसा कोणाच्या दारापर्यंत जातो आणि कोणाच्या दारापाशी आटतो, हे त्या रुक्ष आकड्यांत स्पष्ट लिहिलेले असते. आज तुमच्यापुढे अमेरिकेतील अशाच एका पैशाचे प्रकरण मांडावयाचे आहे. तो देश दूर असला, तरी त्या वादातील प्रत्येक सबब तुम्ही आपल्या कानांनी कोठे ना कोठे ऐकलेली आहे.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९७४ साली गृहनिर्माण व समाजविकास कायदा केला. त्या वर्षाच्या २२ ऑगस्ट रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी अनुदाने देण्याची जुनी पद्धत मोडून या कायद्याने एकच एकत्रित समाजविकास अनुदान निर्माण केले. पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना ते थेट मिळते व लहान गावांना ते राज्यांमार्फत मिळते. वाटा कोणाच्या मर्जीने ठरत नाही. लोकसंख्या किती, दारिद्र्य किती, एका खोलीत माणसे किती कोंबलेली, घरे किती जुनी, या मापांनी तो ठरतो. त्यातून गटारे होतात, पाण्याचे नळ होतात, मोडकळीस आलेली घरे दुरुस्त होतात, वृद्धांना व मुलांना आधार देणारी केंद्रे चालतात. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की, या पैशाचा निदान ७० टक्के भाग अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या हितासाठी खर्च झाला पाहिजे. सुमारे १,२०० शहरे, परगणे आणि राज्ये हे अनुदान घेतात.

आता यावर घाला कसा पडला तो पाहा. मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने हे अनुदान समूळ बंद करण्याची सूचना अंदाजपत्रकात केली. त्या कारकिर्दीत ती ओळीने चार अंदाजपत्रकांत आली, आणि चारही वेळा काँग्रेसने ती फेटाळून पैसा मंजूर केला. २ मे २०२५ रोजी तीच सूचना पुन्हा आली. सुमारे ३ अब्ज ३० कोटी डॉलरांचे हे अनुदान शून्यावर आणावे, असे तिचे म्हणणे होते. प्रत्येक वेळी नगराध्यक्ष उठले आणि त्यांनी या निधीची बाजू मांडली. त्यांत दोन्ही पक्षांचे लोक होते. ज्याला नळ आणि गटार यांचा हिशेब रोज द्यावा लागतो, त्याला पक्षाच्या घोषणांनी फार वेळ भुलविता येत नाही.

निधी बंद करू पाहणाऱ्यांचे पहिले म्हणणे असे की, ही स्थानिक कामे आहेत. ज्याचे गटार त्याने बांधावे, मध्यवर्ती तिजोरीवर त्याचा भार का? वाक्य मोठे न्याय्य वाटते. परंतु गरीब वस्ती आपोआप गरीब झाली काय? १९३३ साली मध्यवर्ती सरकारने घरांच्या कर्जासाठी एक महामंडळ काढले. त्याने शहराशहरांचे नकाशे तयार केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यावर तांबड्या रंगाने रंगविल्या आणि त्या धोक्याच्या ठरविल्या. १९३४ साली निघालेल्या गृहनिर्माण प्रशासनाने गोऱ्यांच्या नव्या उपनगरांतील कर्जांना हमी दिली आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना ती नाकारली. घर नाही म्हणून मत्ता नाही, मत्ता नाही म्हणून कर नाही, आणि कर नाही म्हणून नगरपालिकेच्या तिजोरीत गटाराला पैसा नाही. ही साखळी कोणी ओवली? ज्या मध्यवर्ती सत्तेने तांबडी रेघ ओढली, तीच आज म्हणते की तुमची गटारे तुमची तुम्ही पाहा ! विहिरीवर पाय ठेवू द्यावयाचा नाही आणि मग अस्वच्छ म्हणून हिणवावयाचे, ही रीत आपल्याला नवी नाही. रंग बदलला, देश बदलला. न्याय मात्र तोच.

सबब, हे अनुदान म्हणजे श्रीमंत तिजोरीने गरीब शहराच्या झोळीत टाकलेली मूठभर भिक्षा नव्हे. ज्याने नुकसान केले त्याने भरपाई करावी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

येथे बाबासाहेबांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथील डॉक्टरेटसाठी त्यांनी कोणता विषय घेतला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती, हा तो विषय होय. १९२५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याला प्राध्यापक सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. १८७१ पासून मध्यवर्ती सरकार प्रांतांना पैसा कसकसा देत आले याचे तीन टप्पे त्यांनी त्यात दाखविले आहेत. प्रथम ठराविक रकमा नेमून दिल्या, पुढे काही उत्पन्ने नेमून दिली, आणि शेवटी उत्पन्नांत वाटणी केली. वरची तिजोरी व खालची तिजोरी यांच्या नात्याचा प्रश्न बाबासाहेबांनी ऐन पंचविशीत अभ्यासाला घेतला, यातून आपण बोध घेतला पाहिजे. ज्याला आपली माणसे वर काढावयाची आहेत, त्याला सभेतील टाळ्यांबरोबर जमाखर्चाची वहीही वाचता आली पाहिजे.

विरोधकांचे दुसरे म्हणणे असे की, या पैशाने फळ दिसत नाही; तो भलतीकडे जातो. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे सांगून मी तुम्हाला फसविणार नाही. न्यूयॉर्क शहराला लागून वेस्टचेस्टर नावाचा धनिकांचा परगणा आहे. त्याने या अनुदानापोटी पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम घेतली आणि घरांच्या बाबतीत वंशभेद दूर करण्यासाठी आपण झटत आहोत, असे वेळोवेळी लिहून दिले. प्रत्यक्षात वंशाचा विचारच त्याने केला नव्हता. २००६ साली एका संस्थेने खोट्या दाव्यांविरुद्धच्या कायद्याखाली फिर्याद केली. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने ती लेखी ग्वाही खोटी ठरविली. त्याच वर्षी परगण्याला ६ कोटी २५ लाख डॉलरांची तडजोड करून, मुख्यतः गोऱ्यांच्या वस्तीच्या गावांत परवडणारी ७५० घरे उभारण्याचे मान्य करावे लागले.

यावरून कोणता निष्कर्ष काढावयाचा? घागरीला भोक पडले तर शहाणा मनुष्य भोक बुजवितो. विहीर बुजवीत नाही. वेस्टचेस्टरची लबाडी उघडी पडली, कारण त्या पैशाला कायद्याची अट बांधलेली होती आणि त्या अटीवर बोट ठेवणारे नागरिक जागे होते. पैसाच बंद झाला असता तर अटही गेली असती, आणि त्या परगण्याला जाब विचारण्याचे साधनही गेले असते. चोरी झाली म्हणून धान्याचे कोठार जाळावे, असे म्हणणाऱ्याला चोराचा राग आलेला नसतो. त्याला कोठारच नको असते.

तिसरे म्हणणे सर्वांत उद्धट आहे. ते असे की, जो पैसा देतो त्याने हुकूम करावा. २०२५ साली मध्यवर्ती खात्यांनी बेघरांच्या निवाऱ्याच्या व वाहतुकीच्या अनुदानांना नव्या अटी जोडल्या. परदेशातून आलेल्यांना पकडण्याच्या कामी शहरांनी साहाय्य करावे, समान संधीसाठी चालविलेली कामे सोडावी, अशा प्रकारच्या त्या अटी होत्या. ज्या २ मे रोजी अनुदान शून्यावर आणण्याची सूचना निघाली, त्याच दिवशी सिएटल ज्या परगण्यात आहे तो किंग परगणा, न्यूयॉर्क, बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को आदींनी सिएटलच्या मध्यवर्ती न्यायालयात दावा दाखल केला. पैसा मंजूर करणे आणि त्याच्या अटी ठरविणे हा काँग्रेसचा अधिकार आहे. खात्याच्या प्रमुखाला मनास येईल ती अट जोडता येत नाही, हे त्यांचे म्हणणे. ३ जून २०२५ रोजी न्यायालयाने या फिर्यादी शहरांपुरता त्या अटींना प्राथमिक मनाई हुकूम दिला.

न्यूयॉर्क शहराला ही लढाई नवी नव्हती. १९७२ साली सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामांसाठी काँग्रेसने मोठ्या रकमा ठरविल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो झुगारून कायदा केला. तरीही निक्सन यांनी पहिल्या वर्षासाठीच्या ५ अब्ज डॉलरांपैकी २ अब्जांहून अधिक, आणि दुसऱ्या वर्षासाठीच्या ६ अब्जांपैकी ३ अब्जांहून अधिक वाटू नयेत, असा हुकूम सोडला. न्यूयॉर्क शहर न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने वाटण्यास सांगितलेला पैसा अडवून धरण्याचा अधिकार त्या कायद्याने कारभाऱ्यास दिलेला नाही, असे ठरले. एका महानगराने आपल्या सांडपाण्याच्या पैशासाठी राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमाला आव्हान द्यावे आणि जिंकावे, यात लाजण्यासारखे काय आहे? लाज वाटावयाची तर ती पैसा दाबून ठेवणाऱ्यास वाटावी.

मग अटी मुळीच नकोत काय? तसे नव्हे. येथे नीट विवेक केला पाहिजे. अटी दोन प्रकारच्या असतात. एक अट दुबळ्याचे रक्षण करते. सत्तर टक्के गरिबांसाठी खर्च करा, वंश वा वर्ण पाहून कोणास वगळू नका, अशी ती असते. दुसरी अट दुबळ्याला वाकविते. तुला छप्पर हवे असेल तर शेजाऱ्याला पकडून दे, असे ती सांगते. पहिली लोकप्रतिनिधींनी उघड चर्चा करून कायद्यात लिहिलेली असते. दुसरी कचेरीत बसून मागाहून चिकटविलेली असते. दोन्हींना ‘अट’ हा एकच शब्द लागतो, म्हणून दोन्ही सारख्या मानणे म्हणजे वैद्याची सुरी आणि दरोडेखोराची सुरी एक मानण्यासारखे आहे.

आणि शहरांच्या सरकारांची बाजू न्याय्य आहे, म्हणून त्यांना डोळे मिटून दुवा देण्याचेही कारण नाही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याखाली नगर-नूतनीकरणाच्या नावाने मध्यवर्ती पैसा घेऊन याच शहरांनी कृष्णवर्णीयांच्या कित्येक वस्त्या जमीनदोस्त केल्या आणि हजारो कुटुंबांना देशोधडीस लावले. तो पैसाही ‘विकासा’चाच होता ! म्हणून १९७४ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्यावर जाहीर सुनावणीचे बंधन घातले. पैसा कोठे खर्च होणार हे आधी प्रसिद्ध करावे, लोकांचे ऐकावे, मग खर्च करावा. नगरपालिका वरच्या तिजोरीशी हक्काने भांडत असेल तर तिला साथ द्यावी. आणि पैसा हाती आल्यावर तिच्याही हिशेबाच्या वहीवर बोट ठेवावे. जी हक्काची भाषा ती वर बोलते, तीच भाषा तिला खालून ऐकावी लागली पाहिजे.

वाचकहो, आपल्याकडेही ही सूत्रे कागदावर आहेत. १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निवारण ही नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोगी कामे म्हणून लिहिलेली आहेत. १९७९ साली सुरू झालेल्या विशेष घटक योजनेचे तत्त्व असे की, अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढावा. आंध्र प्रदेश व कर्नाटक यांनी २०१३ साली त्या तत्त्वाला कायद्याचे बळ दिले. जे कायद्यात लिहिले जाते त्यासाठी न्यायालयात उभे राहता येते. जे नुसत्या आश्वासनात राहते त्यासाठी पुढाऱ्याच्या ओट्यावर ताटकळावे लागते. न्यूयॉर्कच्या निकालाचे मर्म हेच आहे.

तेव्हा जुन्या गुलामगिरीची एक सवय टाकून द्या. वस्तीत नळ आला की नगरसेवकाला हार घालावयाचा आणि नळ नाही आला की नशिबाला बोल लावावयाचा, ही ती सवय होय. नळ आला तर तो तुमच्या हक्काचा आला. नाही आला तर अंदाजपत्रकाच्या कोणत्या पानावर तो अडला आहे, हे शोधून काढा. शिकलेल्या मुलाला सांगा, नगरपालिकेचे अंदाजपत्रक घरी आण आणि आजीला वाचून दाखव. आपल्या वस्तीच्या नावापुढे किती रक्कम मांडली, किती खर्ची पडली आणि किती परत गेली, एवढे तीन आकडे प्रत्येक घराला पाठ असू द्या. मग पाहा, कचेरीतील खुर्चीवर बसलेला मनुष्य तुमच्याशी कोणत्या सुरात बोलू लागतो !

हात पसरून मागणाऱ्याला दाता नाही म्हणू शकतो. कायदा हातात धरून मागणाऱ्याला नाही म्हणताना त्याला कारण द्यावे लागते, आणि ते कारण न्यायालयात टिकवावे लागते. तुम्ही दुसऱ्या प्रकारचे मागणारे व्हा.