धमन्यांचे वार्धक्य

केस पिकल्याचे आरसा सांगतो. महाधमनी ताठरल्याची वर्दी कोणी देत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी फुगून पुन्हा आकसणारी ही वाहिनी उतारवयात लवचिकता गमावते. मग रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा बहुधा उतरतो. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून त्याकडे डोळेझाक करण्याची आपली रीत घातक आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत साठीपुढील अशा रुग्णांना औषधे दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. वार्धक्य टळत नाही. पण त्यामागोमाग येणारा पक्षाघात पुष्कळदा टाळता येतो. खारवलेली मासळी, लोणचे, पापड यांवर पोसलेल्या आम्हां किनारवासीयांनी मिठाचा हात आखडावा आणि शासनाने रक्तदाबाची तपासणी वृद्धांच्या उंबरठ्यापर्यंत न्यावी.