पकड विकत मिळत नाही, भो!

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की बोदवडच्या शिवारात गाड्यांची खरी परीक्षा सुरू होते. डांबरीवर ऐटीत धावणारा पिकअप शेतरस्त्याला लागतो, शे-दोनशे मीटर जातो, आणि मग मागचं चाक जागेवरच फिरायला लागतं. ड्रायव्हर आणखी रेस देतो, चिखल टपावर उडतो, गाडी एक्सलपर्यंत बसते. मग कुणीतरी ट्रॅक्टरवाल्या भाऊला फोन लावतो. गंमत म्हणजे अशा फसलेल्या गाड्यांमध्ये चक्क फोर-बाय-फोरसुद्धा असतात. महिंद्राचा बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटाचा झेनॉन. दहा-पंधरा वर्षं कापूस, खत आणि माणसं वाहून थकलेल्या, पण अजून दमात असलेल्या गाड्या.

अशी गाडी ज्या घरात असते, त्या घरातल्या कॉलेजच्या पोराच्या मोबाइलवर रील्सही तशाच असतात. चिखलातून उसळणारी गाडी, रुंद टायर, उचललेली बॉडी, टपावर लाइटची पट्टी. मग हिशेब सुरू होतो: आधी रुंद टायर, मग लिफ्ट किट, उरले तर सस्पेन्शन. माझं स्पष्ट मत आहे की ही यादी उलटी आहे. जुन्या गाडीची चिखलातली पकड वाढवायची तर पहिले काही उपाय जवळपास फुकट आहेत, आणि सगळ्यात महाग उपाय बहुतेकांना लागतच नाहीत.

काळी माती वेगळी आहे

रील्समधली वाळू किंवा लाल माती आपल्या शिवारात नाही. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती गोंदासारखी चिकटते. टायरच्या खाचा या मातीने भरल्या की टायर कितीही नवा असू द्या, तो गुळगुळीतच झाला. त्याची खाच मातीला धरत नाही, मातीवर माती घसरते.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं आपण पाठ केलं. मग टायरची हवा कमी केली की पकड का वाढते? कारण तो नियम कडक पृष्ठभागांसाठी आहे, आणि माती कडक नसते. चाक पुढे ढकलतं तेव्हा मातीचा थर कापला जायला बघतो. तो किती जोर सहन करेल, हे दोन गोष्टींवर ठरतं: मातीचा स्वतःचा चिकटपणा गुणिले टेकलेलं क्षेत्रफळ, आणि वरचं वजन गुणिले मातीच्या कणांमधलं घर्षण. सिव्हिलची पोरं-पोरी हेच सॉइल मेकॅनिक्समध्ये शिकतात. वाळूत वजनाचा भाग मोठा असतो, ओल्या चिकणमातीत क्षेत्रफळाचा. म्हणजे नदीच्या वाळूत चालणारी युक्ती कपाशीच्या वावरात चालेलच असं नाही.

आधी फुकटातलं बघा

पहिली गोष्ट हवा. रिकाम्या पिकअपच्या टायरमध्ये 35 पीएसआय असेल तर चिखलापुरती 20-22 पर्यंत उतरवली की टायर लांबट टेकतो आणि खाचाही थोड्या हलून माती सोडतात. तीन अटी मात्र पाळायच्या. गाडीत माल असेल तर एवढी हवा सोडायची नाही. ट्यूबचा टायर असेल तर फार खाली जायचं नाही, कारण रिमवर टायर सरकला की ट्यूबचा वाल्व तुटतो. आणि डांबरीवर येण्याआधी हवा परत भरायची. कमी हवेवर मुक्ताईनगरजवळच्या महामार्गावर वेगात निघालात तर टायर तापून फुटू शकतो. म्हणून प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर ही माझ्या मते पहिली खरेदी. लाइटची पट्टी नाही.

दुसरी गोष्ट, फोर-बाय-फोर खरंच लागतंय का ते तपासा. काही जुन्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात. दांडा टाकला पण हब मोकळे राहिले, तर पुढची चाकं नुसती सोबत येतात. वर्षानुवर्षं न वापरलेले हब आणि लिव्हर जाम होतात, म्हणून पावसाळ्याआधी मिस्तरीकडून ते साफ करून ग्रीस करून घ्या. पण कोरड्या डांबरीवर फोर-बाय-फोर टाकून चालवू नका. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल नसतं, त्यामुळे वळणावर सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो.

तिसरी गोष्ट लो रेंज. लो टाकलं की चाकांवरचा जोर साधारण दोन-अडीच पट होतो आणि गाडी मुंगीच्या चालीने जाते. चिखलात आत शिरण्याआधीच लो टाका, दुसरा गिअर ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. मध्येच थांबू नका, गिअर बदलू नका. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही, असं दिसलं की पाय लगेच उचला. तिथून पुढची प्रत्येक रेस म्हणजे स्वतःसाठी खड्डा खोदणं. आपल्याच चाकोरीतून सरळ मागे या आणि दुसऱ्या वाटेने बघा.

चौथी गोष्ट वजन. वर पातळ चिखल आणि खाली मुरूम असेल, तर मागच्या एक्सलवर वाळूची चार पोती टाकली की रिकाम्या पिकअपची पकड सुधारते. पण पोती नीट बांधा. खोल चिखल असेल तर उलटं, माल उतरवा. आणि फसलातच तर बांधावर पडलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, जुनं बारदान चाकापुढे नीट दाबून घाला. आपल्या आज्यांनी बैलगाडीसाठी हेच केलं.

मग खिशात हात घाला

एवढं करूनही भागत नसेल, तर पहिला खर्च टायरवर करा. पण रुंदीवर नको, खाचांवर करा. मोठ्या आणि दूर दूर खाचांचा टायर फिरताना माती झटकतो, बारीक खाचांचा ती धरून ठेवतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे तिरके दात बघा, तेच तत्त्व आहे. रुंदीचं म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. साधारण 60 अश्वशक्तीचं इंजिन, आणि 6.00-16 मापाचे, म्हणजे जेमतेम सहा इंची टायर. हीच जीप 1947 पासून महिंद्राने भारतात आणली. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत जातो, रुंद टायर वरच तरंगतो. खाली कडक थर असेल तिथे अरुंद बरा, नसेल तिथे रुंद. आपल्या बहुतेक शेतरस्त्यांवर कधी ना कधी मुरूम पडलेला असतो, हे लक्षात घ्या.

शिवाय टायरचा व्यास दहा टक्के वाढवला की चाकाचा जमिनीवरचा जोर साधारण तेवढाच घटतो. म्हणजे पैसे देऊन आपणच गाडी अशक्त करायची. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. म्हणून माप कंपनीने सांगितलेलंच ठेवा, फक्त खाचांची जात बदला.

त्यानंतरचा खर्च डिफरेन्शियलचा. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं, की त्याला फारसा जोर लागतच नाही, आणि मग कोरड्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच मिळतो. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं की फोर-बाय-फोरसुद्धा उभी राहते. मागे लॉकिंग डिफरेन्शियल असलं की हे टळतं. 2015 मध्ये महिंद्राने थारला ते कारखान्यातूनच दिलं. जुन्या पिकअपला ते बसवणं महाग आणि कसबी मिस्तरीचं काम आहे. रोज डोंगरपायथ्याला किंवा नाल्यातून जाणाऱ्यालाच ते परवडतं. तोवर हँडब्रेक हलकेच ओढून बघा. सुटलेलं चाक थोडं धरलं की दुसऱ्याला जोर मिळतो. मात्र हँडब्रेक मागच्या चाकांवर लागणारा हवा. जुन्या जीपमध्ये तो गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर लागायचा, तिथे हे चालत नाही.

ओढून काढताना एक सांगणं. दोर चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच बांधा, बंपरला नाही. ताणलेला दोर तुटला तर माणूस मरू शकतो. दोरावर मध्ये ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं करा. व्हिडिओ काढणाऱ्याला आधी.

रस्ता एकट्याचा नाही

कुणी म्हणेल, हे सगळं कशाला, सरकारने रस्ते करावेत. बरोबर आहे. 2021 पासून राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे. आपल्या गावाचा रस्ता त्यात आहे का, हे ग्रामसभेत विचारायला तुम्हीच उभं राहिलं पाहिजे. मुरूम पडला आणि बाजूला चारी काढून पाण्याला वाट दिली, तर अर्ध्या गाड्यांना फोर-बाय-फोर लागणारच नाही.

पण रस्ता होईपर्यंत आहे तो टिकवणं आपल्या हातात आहे. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा होते, तिथे गाड्या चिखल फोडायलाच बांधलेल्या असतात. जामठी किंवा नाडगावचा शेतरस्ता ही स्पर्धेची जागा नाही. तुम्ही रीलसाठी फिरवलेल्या चाकाने फूटभर खोल चाकोरी पडते. तिच्यात पाणी साचतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाल्याची मोटारसायकल तिथे आडवी होते. बैलजोडीचा पाय मुरगळतो. वस्तीवरच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला निघालेली गाडी तिथेच अडकते. चांगली पकड असलेली गाडी चिखल उडवत नाही, ती गुपचूप निघून जाते आणि मागे रस्ता बऱ्यापैकी तसाच ठेवते.

म्हणून घरच्यांकडे टायरचे पैसे मागण्याआधी एक रविवार गाडीखाली घालवा. हब फिरतात का, लो रेंज पडते का, चारही टायरमध्ये हवा किती, हुक पक्के आहेत का, हे वहीत लिहून काढा. मग ती वही घेऊन मिस्तरीकडे जा. तो बहुधा हेच म्हणेल, "भो, एवढं ठीक कर आधी. बाकीचं नंतर बघू."