तुझा कोड कोण वाचणार?

बांभोरीचे एसएसबीटी, जळगावचे शासकीय अभियांत्रिकी, धुळ्याचे एसएसव्हीपीएस, शिरपूरचे आर. सी. पटेल. या महाविद्यालयांतून संगणक शाखेची मुले-मुली बाहेर पडतात तेव्हा त्यांच्याजोगे काम खानदेशात फार थोडे असते. बहुतेकांची वाट महाराष्ट्र एक्सप्रेसने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाते. घरच्यांना लांबून दोनच गोष्टी दिसतात, कंपनीचे नाव आणि पॅकेजचा आकडा; निर्णयही त्यांवरच होतो. आमच्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. पहिल्या वर्षी तुझा कोड कोण वाचणार?

नाव आणि आकडा या दोन्हींचा भरवसा किती धरायचा, हे गेल्या काही वर्षांत दिसले आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवोदितांपुढे साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय ठेवला. इन्फोसिसने 2022 मध्ये निवडलेल्या अनेकांना जॉइनिंगसाठी 2024 पर्यंत ताटकळावे लागले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच कंपनीने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी कमी केले. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. बाजार मंदावला की मोठ्या कंपन्याही हात आखडता घेतात. हाती उरते ते शिकलेले काम, आणि ते शिकवणाऱ्याशिवाय येत नाही. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी 1976 मध्येच दाखवून दिले होते की सहकाऱ्यांनी शिस्तीने कोड तपासला की चुका लवकर सापडतात. नवोदिताला त्याचा आणखी एक लाभ होतो. परत आलेल्या कोडवरच्या शेऱ्यांतून तो विचार करायला शिकतो. प्रोजेक्टविना बेंचवर किंवा नुसती तक्रारींची तिकिटे बंद करण्यात दोन वर्षे गेली, तर बायोडाटावर अनुभव दिसतो, पण पुढच्या मुलाखतीत तो टिकत नाही.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना निवड करायला सवड कुठे, हा आक्षेप खरा आहे. एकच ऑफर असेल तर ती घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण प्रोजेक्ट ठरताना कोड कोण वाचणार हा प्रश्न मोठ्या कंपनीतही विचारता येतो. लहान कंपनीत प्रशिक्षणच नसते, असेही म्हटले जाते. ज्या दहाजणांच्या कंपनीत एकही जाणता वरिष्ठ नाही, तिथे जाऊ नयेच. म्हणजे मोठी की लहान, हा मुळात वादच नव्हे. कंपनी कोणतीही असो, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉन्ड मात्र नीट वाचून मगच सही करावी. ‘तो कोर्टात टिकत नाही’ हा समज धोक्याचा आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती, खासगी कंपनीचे प्रकरण वेगळे ठरू शकते. तरीही गाफील राहू नये. मूळ प्रमाणपत्रे तर कोणाकडेही जमा करू नयेत.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण खानदेशातून येऊन आज टीम सांभाळत आहेत. मुलाखतीत एखादी मुलगी ‘माझा कोड कोण वाचणार?’ असे विचारील, तेव्हा तिला खरे उत्तर द्या. काम कोणते, वरिष्ठ कोण, रिव्ह्यू किती दिवसांनी, हे सारे सांगा. आणि येत्या कॅम्पस हंगामाआधी आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना फोन करून हीच माहिती कळवा.