भिंत लहान, संग्रह मोठा

चित्र विकत घ्यायची गोष्ट निघाली की मध्यमवर्गीय घरात पहिली सबब ठरलेली असते : लावायला जागा कुठे आहे? न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल या जोडप्याने या सबबीला जगून उत्तर दिले. तो टपाल खात्यात नोकरीला, ती ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात. १९६२मध्ये लग्न झाले. तिच्या पगारात घर चालायचे, त्याच्या पगारातून चित्रे यायची. राहायला मॅनहॅटनमध्ये एका बेडरूमचा फ्लॅट. खरेदीचे नियम दोनच : किंमत परवडली पाहिजे आणि वस्तू घरात मावली पाहिजे. सॉल लेविटसारख्या, तेव्हा फारसे नाव न झालेल्या कलाकारांचे काम त्यांनी घेतले. भिंती भरल्या, कपाटे भरली, पलंगाखालची जागाही भरली. त्याच घरात मांजरे, मासे आणि कासवेही नांदत होती.

१९९२मध्ये हा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे सोपवायचे ठरले, तेव्हा त्या फ्लॅटमधून पाच मोठे ट्रक भरून कलाकृती निघाल्या.

जागेचा प्रश्न खरा आहेच. पण त्यावर तोड निघते. लंडनचे वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी राहत्या घरातल्या छोट्या चित्रदालनाच्या भिंतींवर बिजागऱ्यांची मोठी दारे बसवली. दार उघडले की मागे चित्रांचा आणखी एक थर. त्या एवढ्याशा खोलीत शंभरावर चित्रे मावली. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्ऱ्या जमवत घराचेच संग्रहालय केले. तिथे आजही सुमारे वीस हजार वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. जे आहे ते सगळे एकाच वेळी समोर हवे, हा हट्टच चुकीचा आहे.

घरी तर तो नुकसानही करतो. जलरंग, छापचित्रे आणि छायाचित्रे उजेडाने विटतात आणि उडालेला रंग परत येत नाही. खिडकीसमोरची भिंत कितीही शोभिवंत दिसो, कागदावरच्या कामासाठी ती वाईटच. चार चित्रे लावावीत, बाकीची कोरड्या कपाटात आडवी ठेवावीत आणि दर सहा महिन्यांनी अदलाबदल करावी. उजेडाचा मारा विभागला जातो. शिवाय रोज दिसून दिसेनासे झालेले चित्र पुन्हा नजरेत भरते.

फ्रेमवाल्याकडे गेल्यावर दोन गोष्टी ठासून सांगायच्या. चित्राला लागणारा पुठ्ठा आम्लरहित हवा, कारण साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. आणि काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये माउंट हवा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. कोकणात, मुंबईत पावसाळाभर पाझरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मात्र काहीच टांगू नये.

या रविवारी घरातली प्रत्येक फ्रेम उतरवून तिची मागची बाजू बघा. बुरशीचा ठिपका किंवा कसरीने कुरतडल्याची खूण दिसली, तर ते चित्र पुन्हा खिळ्याला अडकवू नका. इतर चित्रांपासून वेगळे ठेवा आणि जाणकाराला दाखवा.