गटकार्यात श्रद्धेचा मान किती?

शाळा-महाविद्यालयांतील अध्यापनपद्धतीत गटकार्याला आता मानाचे स्थान मिळाले आहे. चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून प्रकल्प करावा, नाटुकले बसवावे आणि गुणही मिळूनच घ्यावेत, ही कल्पना स्वागतार्हच आहे. परंतु अशा गटात एखाद्याची धर्मश्रद्धा आड आली, तर शिक्षकाने काय करावे, याचा विचार क्वचितच होतो. पाककृतीच्या प्रकल्पात जैन मुलगी कंदमुळे चिरण्यास नकार देते. नाटुकल्यात देवाची भूमिका करणे मुसलमान मुलाला प्रशस्त वाटत नाही. अशा वेळी एक तर दटावणी होते, नाही तर त्या मुलाला गटातून वगळून प्रश्न मिटविला जातो. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

या संदर्भात केरळमधील एक प्रकरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. मात्र धर्मश्रद्धेमुळे ती गात नसत. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरविली. श्रद्धा आपल्याला पटते की नाही हा प्रश्न नसून, ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे की नाही हा आहे, असा या निकालाचा मथितार्थ होता. मुले समूहात होती, शिस्तीत होती. समूहाची एक कृती तेवढी त्यांनी केली नव्हती.

यावर आक्षेप येईल की, आज एकाला सवलत दिली, तर उद्या प्रत्येक जण ती मागेल आणि वर्गाचे तुकडे पडतील. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच मर्यादा स्पष्ट हवी. स्वतः काय खावे, काय गावे, कोणती भूमिका करावी, हे सांगणाऱ्या श्रद्धेचा मान राखावा. परंतु शेजारी कोण बसावे, कोणाच्या हातचे पाणी चालावे, हे ठरवू पाहणाऱ्या श्रद्धेला वर्गात थारा असता कामा नये. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. तो अन्यायही धर्माच्याच नावाने चालत होता. घटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली ती काही उगाच नव्हे.

तात्पर्य, सवलत कामाच्या स्वरूपात द्यावी, सहवासात नव्हे. पद्धतीत द्यावी, अभ्यासाच्या उद्दिष्टात नव्हे. भूमिका न करणाऱ्याने संवाद लिहावेत, नेपथ्य सांभाळावे. रोजा असलेल्या मुलाने आहाराचा तक्ता करावा, चव दुसऱ्याने पाहावी. मात्र उत्क्रांतीचा पाठ सर्वांनीच अभ्यासला पाहिजे. तो मान्य करण्याची सक्ती नाही, समजून घेण्याची आहे. कामाची वाटणी करण्यापूर्वीच शिक्षकाने अडचणी विचाराव्यात, आणि त्या चारचौघांत नव्हे, एकांतात. श्रद्धेमुळे कोणाचे गुण कमी होऊ नयेत आणि श्रद्धेच्या सबबीखाली कोणाचे कष्टही कमी होऊ नयेत.

भिन्न श्रद्धांची माणसे एका कामाला हात लावू शकतात, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकविता येत नाही. तो देण्याची संधी गटकार्यात आहे. ती दटावणीने वा वगळणुकीने वाया घालविणे शिक्षकाला शोभणारे नाही.